शिकाऊ उमेदवाराची टूलबॅग : आधी बूड बघा

आयटीआयमधून बाहेर पडलेली मुलं अप्रेंटिस म्हणून रुजू झाली की मला एका विषयावर हमखास विचारणा होते : हत्यारं ठेवायला बॅग कोणती घ्यावी? वायरमन आणि इलेक्ट्रिशियनच्या वर्गांवर शिल्पनिदेशक म्हणून मी बरीच वर्षं काढली. त्या काळात पोरांच्या किती बॅगा फाटल्या त्याची गणती नाही, पण कुठे फाटतात ते पाठ झालंय. त्या आधारानेच ही उत्तरं देतो.

बोहरी आळीत बॅगा बघून आलो. एक दुकानदार 600 डेनिअर चांगलं म्हणतो, दुसरा 1680 शिवाय घेऊच नका म्हणतो. मी इलेक्ट्रिशियन ट्रेडचा आहे. नेमकं काय बघू? (पुणे)

डेनिअर म्हणजे धाग्याचा जाडपणा. 9000 मीटर धागा जितके ग्रॅम भरेल तितका त्याचा डेनिअर. 600 चं कापड शाळेच्या दप्तराला पुरतं. हत्यारांना 1680 बरं, यात दुसऱ्या दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. पण मी आजवर पाहिलेल्या फाटक्या बॅगांत कापड मधूनच विरलंय अशा फार थोड्या. बाकी सगळ्या दोन जागी गेल्या : बुडाच्या कोपऱ्यात आणि पट्टा जिथे शिवलाय तिथे.

म्हणून दुकानात बॅग हातात आली की आधी उलटी कर. बूड एकपदरी असेल तर खाली ठेव आणि पुढची बघ. सिमेंटच्या कोब्यावर रोज आपटणारी बॅग एकपदरी बुडावर एक पावसाळाही काढत नाही. ओतीव रबराचं किंवा प्लास्टिकचं बूड सगळ्यात टिकाऊ. ते नसेल तर निदान दुहेरी कापड आणि खाली चार बुटके पाय हवेत. मग पट्ट्याचं टोक बघ. तिथे चौकोन आणि त्याच्या आत फुली अशी शिवण असली पाहिजे. नुसती एक आडवी शिवण असेल तर सात-आठ किलो वजनाला ती उसवणारच. पट्टा बॅगेच्या तोंडाशी न संपता बुडाखालून फिरवून आणलेला असेल, तर डोळे झाकून घे. सगळा भार त्या नवारीवर येतो, कापडावर येत नाही.

चेनचे दात जाड हवेत, 8 किंवा 10 नंबरचे. 5 नंबरची चेन सिमेंटच्या धुळीत अडकते, आणि रनर ओढून ओढून एक दिवस हातात येतो.

आणि लांबी! 12 इंची पात्याची हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीची फ्रेम मुठीसकट 16-17 इंच भरते. दुकानात हे कुणालाच आठवत नाही, मग घरी आल्यावर फ्रेम तिरकी कोंबायची, पातं चेनमधून बाहेर. तेव्हा फ्रेम सोबत घेऊन जा आणि दुकानातच आत ठेवून बघ. दुकानदार काही म्हणणार नाही.

मुलगा फिटर आहे, कंपनीत अप्रेंटिस लागलाय. पहिल्याच स्टायपेंडमधून मोठी टूलबॅग घ्यायची म्हणतो. घेऊ द्यावी का? (नाशिक)

एवढ्यात नको. कारखान्यात फिटरला हत्यारं बहुतेक टूल क्रिबमधून, म्हणजे हत्यारांच्या कोठारातून, टोकनवर मिळतात आणि संध्याकाळी परत करायची असतात. त्याच पैशात त्याला स्वतःचा चांगला व्हर्निअर (मापं घ्यायचं साधन) घेऊन द्या. बाहेरची कामं करू लागेल तेव्हा बॅग घ्या.

मी इलेक्ट्रिशियन अप्रेंटिस. डोंबिवलीहून लोकलने जाते. खांद्याची बॅग भरून नऊ किलो होते. बरोबरची मुलं म्हणतात, मुलींना हे झेपायचं नाही. मी काय करू? (डोंबिवली)

त्यांना सांग, एका खांद्यावर नऊ किलो कुणालाच झेपत नाही. माझा डावा खांदा आजही रात्री दुखतो, कारण मी वीस वर्षं त्याच खांद्याला बॅग अडकवली.

तू पाठीवरची टूलबॅग घे. ड्रिल मशीन, हातोडी असं जड सामान पाठीलगतच्या कप्प्यात आणि हलकं बाहेरच्या बाजूला ठेव. पट्टे एवढे आवळ, की बूड कमरेच्या खाली लोंबणार नाही. गर्दीत बॅग पुढे घ्यावी लागते, तेव्हा पेचकसाचं टोक कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून कंड्युट पाइपचा, म्हणजे वायरिंगच्या नळीचा, वीतभर तुकडा काप, एका बाजूला टोपण बसव आणि सगळे पेचकस त्यात उभे ठेव. छिन्नीच्या धारेला आणि हॅक्सॉच्या पात्याला चिरलेल्या पाइपची पट्टी चढव.

साइटवर पोहोचलीस की बॅग एका जागी ठेवायची आणि पक्कड, टेस्टर, स्ट्रिपर, टेप एवढंच कमरेच्या पाउचमध्ये घेऊन शिडीवर चढायचं. आणि दर रविवारी बॅग पूर्ण रिकामी कर. आठवडाभर ज्याला हात लागला नाही ते घरी राहू दे. नऊचे सहा किलो होतील.

प्लंबिंगचं काम शिकतोय. पावसाळ्यात बॅगेतली हत्यारं गंजतात. जाड कॅनव्हास घेऊ की वॉटरप्रूफ? (चिपळूण)

कोकणात वॉटरप्रूफ बॅगच जास्त गंजवते. ओली हत्यारं आत गेली, वरून चेन लावली, की पाणी बाहेर जायला वाट नाही. कॅनव्हास भिजतो, जड होतो, त्याला बुरशीही धरते, पण तो वाळतो आणि उसवला तर बाजारातला कुठलाही बॅग शिवणारा कारागीर पुन्हा टाके घालून देतो. तुझ्यासाठी मी रुंद तोंडाची, रबरी बुडाची, उघडी बॅग सुचवेन. 18 इंची पाइप पाना एकटाच अडीच किलोच्या आसपास असतो आणि तो चेनच्या बॅगेत सुखाने मावतही नाही.

रात्री बॅग उघडी ठेव, तळाशी जुना पेपर आणि दोन-चार खडू टाक, ते ओल ओढतात. पान्याच्या आट्याला आणि पकडीच्या सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. कानशीला मात्र तेल लावू नकोस, ती घसरायला लागते. तिच्यावर खडू घासायचा.

इन्सुलेटेड पक्कड, मल्टिमीटर आणि बाकीची हत्यारं एकाच कप्प्यात ठेवली तर चालतात का? (कोल्हापूर)

नाही, आणि हे मी कळकळीने सांगतो. 1000 व्होल्टची खूण आणि दोन त्रिकोणांचं चिन्ह असलेल्या पकडीची मूठ कानशीवर किंवा हॅक्सॉच्या पात्यावर रोज घासली गेली, तर तिला चीर पडते. ती डोळ्याला सहज दिसत नाही. म्हणून बॅग घेतानाच एक बंद, वेगळा खिसा बघून घे, आणि त्यात दुसरं काही टाकू नकोस. मल्टिमीटरला आतून फोम लावलेला कप्पा हवा. तसा नसेल तर जुन्या टॉवेलात गुंडाळ. त्याच्या लीड्स, म्हणजे मोजायच्या वायरी, मात्र घट्ट गुंडाळायच्या नाहीत, नाहीतर पिनजवळ आतली तार तुटते आणि मीटर चालू लाइनवर शून्य दाखवतो.

मूठ चिरलेली पक्कड टेप गुंडाळून चालू लाइनवर वापरायची नाही. ती त्या खिशातून काढ, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार वाकवायला ठेव आणि नवी घे.