आठवणी रेकॉर्ड करायच्यात ना, मग आधी घर कुठून आलं ते विचारा

तुमचा प्रश्न वाचला. नुकतेच ऑस्ट्रेलियातल्या कूमा गावाच्या बाजूला राहायला आलात, गावातल्या हिस्टॉरिकल सोसायटीने म्हाताऱ्या मंडळींच्या आठवणी रेकॉर्ड कराल का म्हणून विचारलं, उत्साहाच्या भरात हो म्हणून बसलात आणि आता टेन्शन आलंय की आपण बाहेरचे, आपल्याशी कोण बोलणार, आणि फोनवर रेकॉर्ड केलं तर चालतं का. मी या भागात अकरा वर्षं आहे, त्यातली सात हाच उद्योग करतेय (पगार शून्य, चहाबरोबर खायला स्कोन अमाप), त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे बाहेरचे असण्याचं टेन्शन सोडा, ती तर आपली सोय आहे. गावातलाच कोणी विचारायला गेला की समोरचा म्हणतो "तुला माहितीच आहे की", आणि विषय संपतो. आपल्याला काहीच माहिती नसतं हे त्यांना दिसत असतं, म्हणून ते पार्टी लाइनचा फोन म्हणजे काय, एकाच तारेवर चार घरं असायची आणि शेजारीण कशी कान देऊन ऐकायची, हे सगळं पहिल्यापासून सांगतात. माझी तर सुरुवातच चुकीने झाली, मी या भागाचं नाव मोनारो म्हटलं, इथले लोक लिहितात मोनारो पण म्हणतात मनेरो, एका आजोबांनी हसून दुरुस्त केलं आणि तिथून जे सुरू झाले ते दीड तास. (आजोबा हे मी इथे लिहितेय हां, तोंडावर नावानेच हाक मारायची, ऐंशी वर्षांच्या माणसाला नुसत्या नावाने बोलवायला माझी जीभ वळायला वर्ष गेलं.)

आता माझा पहिला फसलेला इंटरव्ह्यू सांगते, त्यातच बरंचसं उत्तर आहे. ॲडमिनबी गाव बघितलं असेलच, रस्त्याकडेला दहा मीटर उंचीचा ट्राउट मासा उभा आहे तेच. आज जेमतेम तीनशेच्या आसपास वस्ती. हे गाव मुळात इथे नव्हतंच. स्नोई स्कीम म्हणजे इथल्या डोंगरातला धरणं आणि विजेचा मोठा सरकारी प्रकल्प, त्यातल्या युकम्बीन धरणाचं पाणी येणार म्हणून १९५६-५७ मध्ये शंभरच्या वर इमारती, चर्चसकट, आठ-दहा किलोमीटर लांब हलवल्या. लाकडी घरं अख्खीच्या अख्खी ट्रकवर चढवून आणली. मी एका गृहस्थांकडे गेले, रेकॉर्डर लावला आणि प्रश्न काय विचारला, तर "स्नोई स्कीमबद्दल सांगा". झालं! त्यांनी मला १७ ऑक्टोबर १९४९ च्या उद्घाटनापासून १९७४ पर्यंत सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, एक लाखाच्या वर माणसं, तीसहून जास्त देश, सात वीजकेंद्रं, सोळा मोठी धरणं, १२१ मृत्यू. एक आकडा चुकला नाही. पण हे सगळं म्युझियममध्ये लिहिलेलंच आहे की, त्यासाठी त्यांच्या किचनमध्ये बसायची गरज नव्हती.

निघताना रेकॉर्डर बंद करून पिशवीत टाकला आणि दारात सहज बोलले की तुमच्या पॅसेजची जमीन जरा उतरती आहे ना. तर म्हणाले हो, घर ट्रकवरून उतरवताना थोडं पिळलं गेलं ते कधी सरळ झालंच नाही, लहानपणी आम्ही इथे गोट्या सोडायचो, आपोआप मागच्या दाराला जायच्या. आणि मग आई, जिने काचेचं सामान आधी गुंडाळून ठेवलं आणि नव्या जागी आल्यावर सहा महिने सोडलंच नाही, कारण तिला वाटायचं परत जायचंय. कुत्रा दोनदा जुन्या जागी पळून गेला. पुढचा तासभर मी दारात उभी, थंडीने पाय गारठलेले, आणि रेकॉर्डर पिशवीत. नंतर परत जाऊन रेकॉर्ड केलं पण तशी मजा आली नाही, एकदा सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना माणूस ती नीटनेटकी करून सांगतो.

म्हणून इतिहास विचारायचाच नाही. घर विचारा, भांडी विचारा, शाळेत कुठून जायचा ते विचारा, पहिला पगार कशावर उडवला ते विचारा. आणि रेकॉर्डर गाडीत बसेपर्यंत बंद करू नका (म्हणजे त्यांना सांगून चालू ठेवा, चोरून नाही).

मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो कोऱ्या कागदाचा. मोठा कागद आणि पेन्सिल पुढे ठेवायची आणि म्हणायचं मला जुनं गाव काढून दाखवा. हात चालू लागला की तोंड चालू लागतं. दोघा-तिघांना एकत्र बसवलंत तर अजून बहार, आमच्याकडे बेकरी रस्त्याच्या कुठल्या बाजूला होती यावर दोन बहिणींचं असं वाजलं की एकीने पेन्सिल ओढून घेतली. दोन्ही नकाशे ठेवलेत आम्ही. तारखा, वर्षं इथे मात्र लोक हमखास चुकतात. तेव्हा मध्येच टोकायचं नाही, घरी येऊन ट्रोव्ह उघडायचं. नॅशनल लायब्ररीचं आहे, फुकट, जुनी वर्तमानपत्रं अक्षरन् अक्षर शोधता येतात, बहुतेक पेपर १९५४ पर्यंतचे आहेत पण आपल्या नशिबाने कॅनबेरा टाइम्स थेट १९९५ पर्यंत आहे, आणि गाव हललं तो काळ त्यात येतो. खरं वर्ष टिपणात लिहा, रेकॉर्डिंगला हात लावू नका. त्यांनी तसंच का लक्षात ठेवलं हेही कधीकधी बातमीपेक्षा जास्त सांगून जातं.

अजून एक, आपलं काहीतरी त्यांना द्यायला लागतं. २००७ च्या दुष्काळात युकम्बीनचं पाणी इतकं खाली गेलं की जुन्या ॲडमिनबीच्या पायऱ्या, जोती उघडी पडली आणि लोक आपापलं घर शोधायला गेले. हे एक बाई सांगत होत्या आणि सांगता सांगता थांबल्या. मी काही विचारलं नाही, माझ्या आजीचं माहेर उजनी धरणात गेलंय, पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि आजी त्या वर्षी कोणाच्या तरी गाडीतून बघायला जायचीच, तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या "मग तुला माहितीये". मग पुढचं सगळं बोलल्या, जे त्या बाईंनी मुलांनाही सांगितलं नव्हतं. अर्थात प्रत्येक वेळी आपलीच टेप लावू नका, एखादंच वाक्य.

परवानगीचा फॉर्म आधी सही करून घ्या, नंतर घेऊ म्हणाल तर राहतो आणि मग माणूसच राहत नाही. त्यात स्पष्ट लिहा, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कोण ऐकणार, नेटवर टाकणार का, आणि अमुक भाग मी जिवंत असेपर्यंत बंद ठेवा असं म्हणायची सोय ठेवा. छोट्या गावात सगळे सगळ्यांचे कोण ना कोण लागतात हो. आमच्या एका रेकॉर्डिंगमध्ये कोणाच्या तरी वडिलांच्या दारूचा किस्सा होता, मी न तपासता हॉलमध्ये ऐकवला, आणि मुलगी तिसऱ्या रांगेत. चूक माझीच. तेव्हापासून ऐकवण्याआधी दोनदा ऐकते.

स्कीमवर कामाला आलेले पोलिश, इटालियन, जर्मन, युगोस्लाव्ह लोक आता फार थोडे उरलेत, त्यांच्याकडे आधी जा. त्यांना दुसऱ्या महायुद्धाबद्दल थेट विचारू नका. कॅम्पमध्ये जेवायला काय मिळायचं हा माझा ठरलेला प्रश्न, उकडलेल्या मटणाला सगळे देश मिळून शिव्या देतात आणि मग गाडी बरोबर कुठे न्यायची तिथे ते स्वतः नेतात.

आणि एक गोष्ट मी पहिली तीन वर्षं केली नाही. हा सगळा न्गारिगो लोकांचा, म्हणजे इथल्या मूळनिवासींचा मुलूख आहे, गावाचा इतिहास मेंढीवाल्यांपासून किंवा १९४९ पासून सुरू होत नाही. पण तिथे रेकॉर्डर घेऊन थेट दार वाजवायचं नाही. आधी लोकल अबोरिजिनल लँड कौन्सिलशी (मूळनिवासींच्या स्थानिक संस्थेशी) बोला, ते सांगतील कोणाला विचारायचं, काय विचारायचं नाही आणि रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार. तुमच्याकडेच राहील असं धरून चालू नका. त्यांच्यातल्या गेलेल्या माणसांचे फोटो आणि नावं दाखवण्याआधी सूचनाही द्यावी लागते.

फोनचं म्हणाल तर सुरुवातीला चालतो, फक्त फ्लाइट मोडवर टाका आणि कॉलरला लावायचा स्वस्त माइक घ्या. जमलं तर डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता ठेवणारी मोठी फाइल) रेकॉर्ड करा, छोटी एमपी३ नंतर बनवता येते. फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ आणि बाहेरचे काकाकुवे हे तीन शत्रू, किचनपेक्षा गालिचा असलेली खोली बरी. त्याच संध्याकाळी तीन ठिकाणी कॉपी करा, त्यातली एक घराबाहेर, इथे वणवे लागतात, २०२० च्या जानेवारीत जवळच्या कॅब्रामरा गावात किती घरं गेली ते विचारा कोणालाही. शब्दन् शब्द उतरवायच्या फंदात लगेच पडू नका, एका तासाला पाच-सहा तास जातात, दर पाच मिनिटांना काय बोलले त्याची दोन-दोन ओळींची यादी पुरते. ऑटोमॅटिक टाइप करून देणारी ॲप्स पोलिश ॲक्सेंटपुढे काहीच्या काही लिहितात. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, पेनाने नाही. युकम्बीनच्या तलावाकाठी पाणी उतरलेलं असताना जुन्या वस्तू दिसल्या तर उचलायच्या नाहीत, आठवण म्हणूनसुद्धा नाही.

परवानगीचा आमचा फॉर्म हवा असेल तर मेसेज करा, पाठवते. आणि हो, पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका पण केकही नेऊ नका, सीडब्ल्यूएच्या (इथलं गावोगावचं महिला मंडळ) बायकांपुढे आपला केक टिकत नाही. मी चकली नेते. फक्त रेकॉर्डिंग संपल्यावर डबा उघडा, माझ्याकडे १९५७ सालच्या बर्फाचं फार सुंदर वर्णन आहे आणि त्यावर सलग चार मिनिटं कुर्रम कुर्रम.