उपकरणाचा नमुना तयार आहे. कॉलेज, हॉस्पिटल आणि कारखाना यांना सोबत घ्यावं का?

तुम्ही तिघा मित्रांनी कॉलेजात वैद्यकीय उपकरणाचा नमुना बनवलाय आणि विचारताय, की आता इतर संस्थांना सोबत घ्यावं की स्वतःची कंपनी काढून एकट्यानं पुढे जावं. सोबत घ्या, असंच मी सांगेन. फक्त सामंजस्य करारावर सह्या होण्याआधी तीन गोष्टी ठरवा: वस्तू कोणासाठी, किती रुपयांत, आणि बनवणार कोण.

मला हे पटलं ते मेनॲफ्रिव्हॅक या लशीची हकीकत वाचून. 1996-97 मध्ये सेनेगल ते इथिओपिया या पट्ट्यात मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाची) भयंकर साथ आली, सुमारे 25 हजार माणसं गेली. 2001 मध्ये पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशावर लशीचं काम हाती घेतलं. त्यांनी किंमत आधी ठरवली: एका डोसला 50 सेंटच्या आत, म्हणजे तेव्हाचे तेवीस-चोवीस रुपये. त्या देशांना तेवढंच परवडणार होतं. मोठ्या कंपन्यांशी जमलं नाही, तेव्हा कामाचे तुकडे पाडले. जिवाणूच्या आवरणातली शर्करा ॲमस्टरडॅमच्या एका कंपनीकडून, धनुर्वाताचं प्रथिन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं, आणि दोन्ही जोडायची पद्धत अमेरिकेच्या एफडीए या सरकारी औषध-नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेतली. ती पद्धत सीरमच्या लोकांनी शिकून घेतली आणि पुण्यात मोठ्या प्रमाणावर बसवली. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि जिथे लस पोचली तिथे 'ए' गटाच्या जिवाणूमुळे होणारा मेनिंजायटिस (लस त्यावरचीच होती) जवळजवळ दिसेनासा झाला. यातली कुठलीही एक संस्था एकटी हे करू शकली नसती, आणि प्रत्येकीला आपला वाटा नेमका माहीत होता.

आमच्याकडे नेमकं हेच नव्हतं. आम्ही सलाइन संपत आली की वाजणारा गजर बनवला होता. एका हॉस्पिटलच्या सिस्टरांनी पहिल्याच रात्री दाखवून दिलं, की त्यांच्या टेबलापासून दिवा दिसत नाही आणि स्पिरिटनं पुसलं की बटणांवरची अक्षरं जातात. दोन्ही सुधारणा केल्या, उपकरण खरंच कामाचं झालं. मग प्रश्न आला, या सुधारणा कोणाच्या? कॉलेज म्हणे आमच्या, हॉस्पिटल म्हणे आमच्या. आधी काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. आठ महिने त्यात गेले आणि बनवून द्यायला तयार असलेला कारखानदार दुसऱ्या कामाला लागला. मला आजही त्या सिस्टरांचं वाईट वाटतं. त्यांनी ड्यूटी सांभाळून आमच्यासाठी वेळ काढला होता.

म्हणून पेटंटमध्ये कोणाचा किती हिस्सा आणि काम थांबलं तर नमुना कोणाकडे राहणार, हे साध्या मराठीत एका कागदावर लिहा, वकील नंतर. शिवाय सगळ्यांना फोन करणारा, पाठपुरावा करणारा एक माणूस पूर्णवेळ हवा. तिघांपैकी कोण, ते आत्ताच ठरवा.

पैशांसाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं 'बिग' अनुदान बघा, 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत मिळतं. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात नव्या कंपन्यांना मदत करणारं व्हेंचर सेंटर आहे. आयआयटी मुंबईचं बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एकत्र बसवतं, त्यात पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी ही इंजिनिअरिंगची कॉलेजंही आली.

उपकरण रुग्णावर वापरून बघायचं असेल तर हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीचा (रुग्णांवरच्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या समितीचा) अर्ज आधी मागून आणा. तिची बैठक रोज नसते, तारीख चुकली तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबावं लागतं.