ज्येष्ठमध, कोबीचा रस आणि जठराचा व्रण

(वाचकांच्या औषधांविषयीच्या प्रश्नांना औषधशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका उत्तरं देतात.)

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत. गुडघ्यांसाठी बरीच वर्षं डायक्लोफेनॅक घ्यायचे. आता एंडोस्कोपीत जठरात व्रण निघालाय. डॉक्टरांनी आम्ल कमी करणारं पॅन्टोप्रॅझोल सुरू केलं, पण सासरे म्हणतात, "झाडपाल्यातल्या घटकांनी अल्सर बरा होतो, मग या गोळ्या कशाला?" रोज चमचाभर ज्येष्ठमधाची पूड घेतात. बीपीची गोळीही चालू आहे. चालेल का?

उत्तर : नाही चालणार. पूड आजच थांबवा आणि ती किती दिवस घेतली हे डॉक्टरांना सांगा. बीपी आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या.

आता कारण. ज्येष्ठमधाला मी नावं ठेवत नाही. जठराच्या व्रणावर वनस्पतीतून आलेल्या औषधांत ज्याचा सगळ्यांत गाजावाजा झाला, ते याच मुळातून निघालं. १९४६ मध्ये रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी ज्येष्ठमधाच्या अर्काने व्रण भरत असल्याची नोंद केली. त्याच नोंदीत काही रुग्णांच्या अंगावर सूज आल्याचंही लिहिलं होतं. पुढे मुळातल्या ग्लिसिरायझिनपासून कार्बेनॉक्सोलोन तयार झालं आणि १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये ते व्रणावर सर्रास दिलं जाऊ लागलं.

जठरातला आम्लरस अतितीव्र असतो, तरी जठर स्वतःला पचवत नाही, कारण आतल्या अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्यात बायकार्बोनेट झिरपत असतं. हा थर राखायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातलीच रसायनं करतात. कार्बेनॉक्सोलोन या प्रोस्टाग्लँडिनना तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. ते जास्त वेळ टिकतात, थर जाड होतो. मात्र हाच रेणू (आणि ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिनही) मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करणारं एन्झाइमही अडवतो. मग शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, बीपी चढतं. सासऱ्यांच्या बीपीच्या औषधात लघवी वाढवणारा घटक असेल तर पोटॅशियमची गळती दुहेरी होते. १९७६ मध्ये आम्ल कमी करणारं सिमेटिडिन आलं आणि कार्बेनॉक्सोलोन मागे पडलं. ग्लिसिरायझिन काढून टाकलेलं ज्येष्ठमधही मिळतं. त्यात बीपीची भीती जाते, पण व्रण भरण्याच्या चाचण्यांत त्याचे निकाल कधी असे तर कधी तसे आले.

आणि मूळ दुखणं कुठून आलं तेही सासऱ्यांना सांगा. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनबाबत हे दाखवलं. एकीकडे डायक्लोफेनॅक आणि दुसरीकडे ज्येष्ठमध म्हणजे नळ बंद करून बादलीचं भोक बुजवत बसणं. गुडघ्यांसाठी दुसरा पर्याय डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. शौच डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर पत्र लिहीत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्र शिकते. वनस्पतींच्या अर्कांनी उंदरांमधले अल्सर कमी झाल्याचे ढीगभर शोधनिबंध आहेत. मग औषधं का निघत नाहीत?

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला, कारण हे प्रयोग मी विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षं करून घेतलेत. पद्धत तुला ठाऊक असेल. उंदीर उपाशी ठेवायचा, अर्क पाजायचा, तासाभराने नळीने शुद्ध अल्कोहोल जठरात सोडायचं. आणखी तासाभराने जठर काढायचं, मोठ्या वक्र कडेने उघडायचं, सलाइनने धुवायचं, मेणाच्या ट्रेवर टाचण्यांनी ताणून भिंगाखाली धरायचं. अर्क न मिळालेल्या जठरात घडीच्या उंचवट्यांवर लांबच लांब काळपट लाल पट्टे दिसतात. अर्क मिळालेलं जठर गुलाबी, कुठेकुठे एखादा ठिपका. हे पाहिलं की विद्यार्थी हरखून जातात, आणि निबंधाचा निष्कर्ष तिथेच डोक्यात पक्का होतो.

आता नीट बघ. अर्क इजेच्या आधी दिलाय. पहिल्या पत्रातल्या सासऱ्यांसारखा माणूस व्रण झाल्यावर येतो. शिवाय तासाभरात झालेली ही वरवरची जखम आणि महिनोन्महिने खोल जात राहिलेला व्रण, यांची जात वेगळी. माणसात बरेचसे व्रण हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे होतात, जो वॉरन आणि मार्शल यांनी १९८२ मध्ये पर्थला वाढवून दाखवला आणि २००५ चं नोबेल मिळवलं. अल्कोहोल पाजलेल्या उंदरात तो जंतू नसतोच.

आणखी एक गोम आहे. आंद्रे रॉबर्ट या शास्त्रज्ञांनी प्रोस्टाग्लँडिनमुळे उंदराचं जठर अल्कोहोलपासून वाचतं हे दाखवल्यावर पुढे असंही दाखवलं, की सौम्य त्रासदायक पदार्थ आधी दिला तरी जठर वाचतं, कारण त्या चिमट्यानेच प्रोस्टाग्लँडिन वाढतात. तेव्हा तुझा तुरट अर्क गुणकारी आहे की नुसता झोंबणारा? हे तपासायला आधी इंडोमेथासिन (डायक्लोफेनॅकच्याच जातीचं औषध) देऊन प्रोस्टाग्लँडिन बंद कर आणि मग बघ संरक्षण उरतं का. ही एक चाचणी न केलेला निबंध मी बाजूला ठेवते.

याचा अर्थ सगळं पोकळ आहे असा नाही. टॅनिन पृष्ठभागावरच्या प्रथिनांना घट्ट करतात. फ्लॅव्होनॉइड पेशींना इजा करणाऱ्या मुक्त मूलकांना आवरतात. १९८४ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी'मध्ये आलेल्या कामात कच्च्या केळ्याने उंदरांना वाचवलं, पिकलेल्याने नाही. पुढे त्यामागचा घटक ल्युकोसायनिडिन असल्याचं सांगितलं गेलं. मिरचीतलं कॅप्सेसिन तर मजेशीर. ते संवेदी चेतातंतूंना डिवचतं आणि अस्तराचा रक्तपुरवठा वाढतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिंगापूरच्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना ॲस्पिरिनच्या आधी मिरची दिली, तर इजा कमी झाली. पुन्हा तेच, आधी दिली. व्रण असलेल्याने मिरची खावी असं त्यातून निघत नाही. आणि औषध निघतही असतं: जपानमधलं सोफाल्कोन हे सोफोरा वनस्पतीच्या मुळातल्या सोफोराडिनवरून बेतलेलं आहे. पण मुळातला रेणू वेगळा काढून, बदलून, मोजून. अर्काची बाटली तिथवर पोचत नाही.

प्रश्न : कोबीच्या रसाने दहा दिवसांत अल्सर जातो का? आणि ब्रोकोलीच्या मोडांनी जंतू मरतो का?

उत्तर : कोबीची गोष्ट १९४९ ची. चेनी या अमेरिकन डॉक्टरांनी १३ रुग्णांना रोज सुमारे लिटरभर कच्चा रस दिला, व्रण लवकर भरले. तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि काही व्रण आपसूकही भरतात. लिटरभर रस पिऊन पोट फुगणार, हे मात्र खात्रीने सांगते.

ब्रोकोलीच्या मोडांत सल्फोराफेन असतं, काचेच्या नळीत ते हेलिकोबॅक्टरला मारतं. जपानमध्ये ४८ जणांवर झालेल्या अभ्यासात (२००९) रोज ७० ग्रॅम मोड आठ आठवडे खाणाऱ्यांत जंतूच्या खुणा घटल्या आणि खाणं थांबवल्यावर दोन महिन्यांत पूर्ववत झाल्या. मोड आवडत असतील तर जरूर खा. जंतू घालवायला अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्सच लागतो. तो संपल्यावर जंतू गेला का हे पाहायची श्वासाची चाचणी किमान चार आठवड्यांनी करा, आणि पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी चालू असेल तर ती दोन आठवडे आधी थांबवता येईल का हे डॉक्टरांना विचारा. नाहीतर जंतू असूनही चाचणी 'नाही' म्हणते.