चुंबकाला ओढली जाणारी मऊ सेल्युलोज फिल्म कॉलेजच्या लॅबमध्ये बनवता येते का?

हो, येते, आणि नाशिकमध्ये तर नक्की करून बघा. ही फिल्म कोंबुच्यावर (आंबवलेल्या चहावर) धरणाऱ्या जाड सायीपासून बनते. ती साय म्हणजे कोमागाटाइबॅक्टर नावाच्या जिवाणूंनी विणलेली सेल्युलोजची (कापसात असतो त्याच पदार्थाची) जाळी असते. ओली असताना तिच्यात जवळपास ९९ टक्के पाणीच. प्रयोगाला मात्र शुद्ध कल्चर घ्या, कोंबुच्यातलं यीस्ट नको. साखरेसाठी द्राक्षाचा रस चालतो, हंगामात गळलेले मणी स्वस्तात मिळतात. कल्चर घातलेल्या रसाचा ट्रे २८-३० अंश सेल्सिअसवर अजिबात न हलवता ठेवा. आपल्याकडच्या थंडीत इन्क्युबेटर लागतोच.

तयार साय सौम्य कॉस्टिक सोड्यात गरम करून जिवाणू काढा आणि पाणी उदासीन होईपर्यंत धुवा.

खरी गंमत पुढे आहे. फेरस आणि फेरिक क्लोराइड या लोहाच्या दोन क्षारांच्या १:२ मोल प्रमाणातल्या द्रावणात साय मुरू द्या, मग अमोनियात बुडवा (फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात!). पिवळसर साय बघता बघता काळी पडते, कारण तंतूंवरच मॅग्नेटाइटचे (चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या काळ्या लोह ऑक्साइडचे) नॅनोकण तयार होतात. काळ्याऐवजी तपकिरी झाली तर बहुधा फेरस हवेने ऑक्सिडाइझ झालंय. म्हणून पाणी उकळून गार केलेलं वापरा, जमलं तर त्यातून नायट्रोजन सोडा.

मऊपणा वाळवण्यावर ठरतो. ओव्हनमध्ये वाळवलीत तर ताठ कागद मिळेल. फ्रीझ-ड्राय केलीत (गोठवून निर्वातात वाळवलीत) तर हलकी, स्पंजसारखी. २०१० साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी कोबाल्ट फेराइट हा दुसरा चुंबकीय ऑक्साइड वापरून असेच लवचीक चुंबकीय एरोजेल (अतिशय हलके, सच्छिद्र घन पदार्थ) बनवले होते.