खोडदच्या दुर्बिणीने नेमकं काय ऐकलं?

प्रश्न : विज्ञानदिनाला नातवाला घेऊन खोडदची रेडिओ दुर्बीण पाहायला गेलो होतो. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "हिने विश्वाच्या जन्माच्या लहरी पकडल्यात." परतताना नातवाने विचारलं, "आजोबा, महास्फोटानंतरची पहिली ३ लाख ८० हजार वर्षं दिसतच नाहीत ना? मग त्या लहरी आल्या कुठून?" मला उत्तर देता आलं नाही.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नातवाला माझी शाबासकी सांगा. मी पुण्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. इतका नेमका प्रश्न तिथेही क्वचितच कुणी विचारला.

"दिसत नाही" हे खरं, पण ते प्रकाशापुरतं. तेव्हाचं विश्व इतकं तापलेलं होतं की इलेक्ट्रॉन अणूत टिकत नव्हते, मोकाट फिरत होते. प्रकाश जरा पुढे सरकला की कुठल्यातरी इलेक्ट्रॉनवर आपटून भलतीकडे वळायचा. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर हेच होतं. बेलबाग चौकातून अलकाकडे सरळ चालत जाऊन दाखवा! चार पावलांत धक्का बसतो आणि दिशा बदलते. पण दोन मंडळं मागे असलेल्या पथकाच्या ढोलाचा ठोका त्याच गर्दीतून येऊन छातीत बसतो. गुरुत्वीय लहरींचं तसं आहे. त्या आवाज नव्हेत, खुद्द अवकाशाचं ताणणं-आकसणं आहे. पदार्थ त्यांना जवळजवळ अडवतच नाही. म्हणून पहिल्या सेकंदाच्या आत उठलेली लहरसुद्धा आपल्यापर्यंत पोचू शकते. वाटेत विश्व प्रसरण पावत गेल्याने ती ताणली जाते, एवढंच.

आता खोडद. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या या लहरी थेट पकडत नाहीत, त्या पल्सारचे ठोके मोजतात. पल्सार म्हणजे गरगर फिरणारे मेलेले तारे. काही तर सेकंदाला शेकडो फेऱ्या मारतात, आणि घड्याळासारख्या नेमाने. गुरुत्वीय लहर मधून गेली की ठोका किंचित लवकर किंवा उशिरा पोचतो. किंचित म्हणजे सेकंदाच्या कोट्यंशाच्या आसपास, आणि एक लहर पुरी व्हायला काही वर्षं लागतात! त्यातून आणखी एक अडचण : ताऱ्यांमधल्या विरळ वायूतले इलेक्ट्रॉनही ठोक्याला उशीर करतात, आणि फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितका जास्त. खोडदची दुर्बीण कमी फ्रिक्वेन्सीवरच काम करते. त्यामुळे हा उशीर तिथे बारकाईने मोजून वजा करता येतो. भारतीय गटाच्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

जून २०२३ मध्ये युरोपीय आणि भारतीय गटांनी मिळून २५ पल्सारांची मोजमापं मांडली, त्यातली काही जवळपास २५ वर्षांची. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनाही तेव्हाच या लहरींच्या अखंड गुणगुणीचा पुरावा दिसला.

पण ही गुणगुण विश्वाच्या जन्माची आहे, असं नातवाला सांगू नका. दूरच्या दीर्घिकांच्या पोटात एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या, हा तिचा सर्वात संभवनीय उगम आहे. आदिम विश्वातून ती आली असण्याची शक्यता शिल्लक आहे, पण सिद्ध काहीच नाही. त्या काळाचा शोध लिसा या युरोपीय मोहिमेतही घेतला जाईल. एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर तीन यानं असतील, आणि ती २०३५ च्या सुमारास सोडायचा बेत आहे.

मी इतकं बजावतोय त्याला कारण आहे. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने जाहीर केलं, की महास्फोटानंतर लगेच उठलेल्या लहरींचा ठसा सापडला. दुसऱ्या दिवशी मी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि अख्खा तास तेच शिकवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या जानेवारीत प्लांक उपग्रहाची माहिती जोडून पाहिली, तेव्हा कळलं की तो दावा टिकत नाही. आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने तसा ठसा उमटवला होता. तोवर निम्मा वर्ग पास होऊन गेला होता. त्या मुलांपर्यंत ही दुरुस्ती मी पोचवू शकलो नाही, याची रुखरुख अजून आहे.

पुढच्या २८ फेब्रुवारीला पुन्हा खोडदला जाणार असाल, तर नातवाला एक प्रश्न वहीत लिहून न्यायला सांगा : ठोक्याला झालेल्या उशिरात वायूचा वाटा किती आणि लहरीचा किती, हे तुम्ही वेगळं कसं काढता?