घरासमोरच्या रस्त्यावर शेजारी कुंड्या ठेवून गाडीची जागा अडवतो, ते चालतं का?

नाही. फाटकाबाहेरचा रस्ता सार्वजनिक. त्यावर तुमचा जितका हक्क तितकाच त्याचा. कुंडी, सिमेंट भरलेला तेलाचा डबा, पत्र्यावर स्वतःच रंगवलेली ‘नो पार्किंग’ची पाटी, यातल्या कशालाच कायद्याचा आधार नाही. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अतिक्रमणाची तक्रार करा, फोटोसकट. मात्र त्याच्या फाटकाच्या तोंडावर गाडी लावाल तर चूक तुमची.

आमच्या पुण्यात बऱ्याच अरुंद रस्त्यांवर पी-१, पी-२ पाट्या असतात: विषम तारखेला एका बाजूला गाड्या, सम तारखेला दुसऱ्या. पंचाईत होते ती ३१ नंतर १ तारीख आली की, कारण दोन्ही विषम! तशी पाटी हवी असेल तर अर्ज वाहतूक शाखेकडे, आणि एकट्याने नव्हे, गल्लीतल्या चार-पाच सोसायट्यांच्या सह्यांनिशी. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, हा माझा अनुभव.

महिनोन्महिने धूळ खात पडलेल्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ आहे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी पोलीस उचलायला लावू शकतात. चाकं बसलेली, बॉनेटवर मांजर झोपलेलं, असा फोटो जोडा.

जपानात १९६२ पासून गाडी घेताना आधी ती ठेवायची जागा दाखवावी लागते. आपल्याकडे आधी गाडी येते, मग कुंडी.