शब्द जसेच्या तसे लिही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. सरांनी भर वर्गात ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ म्हटलं, तुझा मित्र उभा राहिला, मागून कुणीतरी ‘फुकटे’ म्हणालं आणि सर न ऐकल्यासारखं करून यादी लिहीत राहिले. मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन एकटाच व्हरांड्याच्या टोकाला बसला. तुला रात्रभर झोप आली नाही, याचं मला वाईट वाटत नाही. झोप आली असती तर वाटलं असतं.

आधी हे सगळं वहीत उतरव. तारीख, तास कोणता, कोण काय म्हणालं ते शब्द जसेच्या तसे. राग नंतर लिही. कारण आठवडाभराने मोठी माणसंच तुला सांगतील, ‘अरे, पोरं चेष्टा करतात, तू फार मनावर घेतोस.’ तेव्हा वही तुझ्या हाताशी हवी.

बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेची आठवण चाळिशीत लिहिली. वर्गात बसायला त्यांचं वेगळं गोणपाट होतं. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. नळाला स्वतः हात लावायचा नाही. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहान. 1901 मध्ये वडिलांकडे निघालेले लहानगे बाबासाहेब आणि घरची मुलं मसूर स्टेशनावर उतरली. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा ठरला, तोही असा की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. गोणपाट, नळ, भाडं. वाचताना अंगावर काटा येतो तो या तपशिलांनी.

त्याच्याही कितीतरी आधी, 1855 साली, फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे त्या पोरीने लिहून ठेवलं. तिने ते जवळून पाहिलं होतं.

पण या दोघांनी स्वतःवर आणि आपल्या माणसांवर बेतलेलं लिहिलं. तुझ्यावर बेतलेलं नाही, तू पाहिलंस. म्हणून कुणाकडे जाण्याआधी मित्राला विचार, ‘मी हे बोललो तर चालेल का?’ तो नको म्हणाला तर गप्प राहा. त्याच्या घरी याहून वाईट बरंच सोसून झालेलं असेल आणि बोभाटा झाला तर त्रास त्यालाच होईल, तुला नाही. त्याच्याशेजारी बसून डबा खायला मात्र उद्याची वाट पाहू नकोस. आणि ‘फुकटे’ म्हणणारा तुझ्या ओळखीचा असेल तर त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांग. मित्राचं नाव मध्ये न आणता.

तो हो म्हणाला, तर मागणी एवढीच ठेव: शिष्यवृत्तीची नावं वर्गात पुकारू नयेत, अर्ज कार्यालयात घ्यावेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात. तुझ्या आईला त्यातल्या एकीशी बोलायला सांग. मुख्याध्यापकांकडे जायची वेळ आली तर मला कळव, मी तुमच्याबरोबर येतो.

तुझा,
काका